कापसाच्या ढिगाआड

मधल्या खोलीतून मीनाचा आवाज आला, "हॅलो... हॅलो सर, माझा आवाज येतोय का?" आणि सुरेखाचे हात परातीतच थांबले.

एका हॅलोचं काही नसायचं. दुसरा आला की समजायचं, पलीकडचा माणूस वैतागलाय. तिसऱ्यानंतर मीना गप्प व्हायची आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज यायचा. त्या सकाळी खुर्ची सरकली. सुरेखा पिठाचे हात तसेच घेऊन दारात गेली. मीनानं कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते आणि ती भिंतीकडे बघत बसली होती.

"कट झाला?"

"झाला."

"महत्त्वाचं होतं का गं काही?"

"त्याच्या बायकोला ऑपरेशनला आत नेलं होतं, मम्मी. विमा मंजूर झाला का, एवढंच विचारत होता."

सुरेखाला त्या न पाहिलेल्या माणसाचं वाईट वाटलं, पण क्षणभरच. लगेच तिच्या मनात सोमवार उभा राहिला.

मीना टेंभुर्णीतल्या या घरात बसून पुण्यातल्या एका कंपनीचे फोन घ्यायची. आरोग्य विम्याचे लोक फोन करायचे, कुणाचं बिल अडकलेलं, कुणाचा कागद राहिलेला, आणि मीना त्यांना मार्ग सांगायची. फोन यायचे ते इंटरनेटवरून. त्यांच्या गल्लीत अजून तार आलेली नव्हती, म्हणून सिमकार्डावर चालणारा एक पांढरा राउटर घेतला होता. मोबाइलच्या टॉवरचा सिग्नल तो पकडायचा आणि घरात वायफाय द्यायचा. पावसाळाभर त्यानं एकदाही दगा दिला नाही. दसरा झाला आणि फोन तुटायला लागले. शेवटी मीनाच्या वरच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, येत्या सोमवारी दिवसभर तुझी लाइन तपासणार. दिवस नीट गेला तर घरून काम चालू ठेव. नाहीतर पुण्याला ऑफिसात येऊन बस, किंवा नोकरी सोड.

दुसऱ्या एखाद्या घरातली पोरगी बॅग भरून पुण्याला गेली असती. मीनाला फिट यायची.

पहिली फिट आली ती संभाजीनगरला, कॉलेजच्या होस्टेलमध्ये. खोलीतल्या मैत्रिणीनं, जुन्या जालन्याच्या महजबीननं, तिला सांभाळलं आणि घरी कळवलं. दुसरी आली ती सुरेखाच्या डोळ्यांदेखत, याच स्वयंपाकघरात. त्यानंतर जालन्याचे डॉक्टर, गोळ्या, तपासण्या. गोळ्या लागू पडल्या, दीडेक वर्षात काही झालं नव्हतं. पण सुरेखाच्या अंगातून ती दुपार गेली नव्हती. गल्लीत कुणी विचारलं तर ती "चक्कर येते तिला" म्हणायची. उद्या स्थळं बघायची होती, आणि एकदा बाहेर पडलेला शब्द परत घरात येत नाही हे तिला माहीत होतं. न्हाणीघराची कडी तिनं काढून टाकली. मीनानं आंघोळ करताना गाणं म्हणायचं, असा नियम केला. गाणं थांबलं की सुरेखा दार वाजवायची. चोवीस वर्षांची पोरगी रोज सकाळी डोक्यावर पाणी घेत मोठ्यानं गाणी म्हणायची, आणि सासरे रखमाजी ओट्यावरून म्हणायचे, "आज कोणता पिच्चर लागलाय?"

सुरेखा मूळची तीर्थपुरीची. जालन्याच्या कॉलेजातून तिनं बीएस्सी केलं होतं, फिजिक्स घेऊन. पुढं शिकायचं होतं. प्रयोगशाळेत मीटरचा काटा हलला की तिला आत कुठंतरी बरं वाटायचं. पण निकाल लागायच्या आतच टेंभुर्णीच्या कल्याणचं स्थळ आलं, शेती बरी, माणसं बरी, आणि ती या घरात आली. काळजी करणं हा तिचा स्वभाव होताच, मुलगी झाल्यावर तो तिचा धंदा झाला. गॅसचं बटण दोनदा बघायची. लग्नाला गेली तरी जेवणाच्या पंगतीत मीना कुठं बसलीय ते आधी बघायची आणि मग पानावर बसायची. कल्याण तिला काही बोलत नसे. त्याला वाटे, ही काळजी करते म्हणून आपल्याला कमी करावी लागते.

त्या आठवड्यात मात्र तिच्या सगळ्या काळज्यांना एकच तोंड फुटलं, राउटर.

पहिल्यांदा तिनं कस्टमर केअरला फोन लावला. गोड आवाजाच्या मुलीनं राउटर बंद करून चालू करायला सांगितलं.

"केला."

"मॅम, दहा मिनिटं बंद ठेवून मग चालू करून बघाल का?"

"काल ठेवला होता. दिवे सगळे हिरवे आहेत, फोन तुटतातच."

"दिवे हिरवे असतील तर आमच्याकडून प्रॉब्लेम नाहीये, मॅम."

"मग कोणाकडून आहे?"

मुलीनं आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं.

मग ती बाजारात भारतच्या मोबाइलच्या दुकानात गेली. राउटर त्यानंच दिला होता. भारत कुणाच्या तरी फोनची काच बदलत होता, मान वर न करता म्हणाला, "वहिनी, टॉवरवर लोड हाय. सारं गाव रील बघून राह्यलं."

"गाव पावसाळ्यातपण बघत होतं."

"तव्हा लोकं शेतात होते ना वहिनी."

"आत्ता कापूस वेचायला कोण जातंय मग? तू जातोस?"

काउंटरवरचे दोघे हसले. भारतनं काच खाली ठेवली. मग त्यानं तिच्या मोबाइलमध्ये राउटरचं ॲप उघडून एक पान दाखवलं. "हे बघा, इथं सिग्नलचे आकडे येतात. मला त्यातलं लै कळत न्हाई. पण तुम्ही शिकलेल्या हायेत."

ते पान सुरेखानं घरी येऊन पुन्हा उघडलं. दोन आकडे कामाचे होते. पहिला सिग्नलच्या ताकदीचा. तो उण्यात होता, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दुसरा सिग्नलच्या स्वच्छपणाचा, त्यात बाहेरचा गोंगाट किती मिसळलाय ते कळायचं. हा जितका मोठा तितका बरा. मधल्या खोलीत ताकद उणे एकशे सोळा होती आणि स्वच्छपणा शून्याच्या आसपास घुटमळत होता. दिव्यांचं काय, सिग्नल जिवंत आहे एवढंच ते सांगत होते. धडधाकट आहे की आजारी, ते सांगत नव्हते.

तिनं विजेची लांब वायर काढली, राउटर कडेवर घेतला आणि घरात फिरायला लागली.

मीनाची जेवणाची सुट्टी होती. ती ताट घेऊन बसल्या जागेवरून आईकडे बघत राहिली. सुरेखा दर दोन पावलांवर थांबायची, आकडे स्थिर होऊ द्यायची, पुढं जायची. स्वयंपाकघरात वाईट, मागच्या दारात जरा बरं. तिचा पदर खोचलेला, कपाळावर आठी, पण डोळे वेगळेच चमकत होते.

"मम्मी, त्याला दूधबीध पाज," मीना म्हणाली.

"गप गं. वायर धर."

मीना उठली नाही. सुरेखाच्या ते लक्षात आलं, पण लक्षात राहिलं नाही, कारण त्याच वेळी ती पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर पोचली होती आणि पुढं जायला जागाच नव्हती. पुढची खोली कापसानं भरलेली होती.

दरवर्षीचंच होतं ते. वेचलेला कापूस पुढच्या खोलीत टाकायचा आणि भाव चढायची वाट बघायची. ढीग वाढत जायचा, खिडकी आधी अर्धी आणि मग पूर्ण झाकायची, पाहुणे ओट्यावर बसायचे. पोरं त्यात उड्या मारायची. सुरेखा त्या पांढऱ्या ढिगाकडे बघत उभी राहिली. टॉवर जाफराबाद रस्त्याच्या बाजूला. पुढची खिडकी त्याच बाजूला. पावसाळ्यात खिडकीतून सरळ मधल्या खोलीच्या दारापर्यंत मोकळं होतं. दसऱ्यानंतर ढीग वाढला, तसतसे फोन तुटत गेले.

पण नुसता कापूस सिग्नल अडवेल? तिनं कोपरापर्यंत हात ढिगात घातला. आत ओल होती. चांगली गार ओल.

रखमाजी ओट्यावर तंबाखू मळत होते.

"मामा, कापसावर पाणी मारलं का तुम्ही?"

"मी? मी कशाला मारू?"

"आतून ओला आहे."

"दव पडतंय ना."

"घरात?"

रखमाजींनी तंबाखू तोंडात टाकली, म्हणजे आता बोलायला नको. पण सून हलत नाही म्हटल्यावर तोंड वर करून म्हणाले, "जरासं शिंपडलं असंल. सुकून वजन घटतंय, तेवढं बराबर करावं लागतं. समदेच करतेत. तुला काय त्याचं?"

"त्या पाण्यातून मीनाचं नेटवर्क जात न्हाई."

रखमाजी आधी तिच्याकडे आणि मग ढिगाकडे बघायला लागले. "भिंतीतून जातंय, अन् कापसातून जात न्हाई? फुंकला तर उडतो तो! असलं कसलं ह्ये नेटवर्क?"

"कोरड्यातून जातं मामा. ओल्यात निम्मं जिरतं. एवढा मोठा ढीग, त्यात पाणी, मग काय उरणार?"

"मंग त्या कंपनीला म्हणावं, नेटवर्क जरा जोरात सोडा."

संध्याकाळी कल्याण शेतातून आला तेव्हा हा विषय पुन्हा निघाला. कापूस इतक्यात विकायचा नाही, असं रखमाजी ठाम होते. दुसरीकडे टाकावा तर शेडमध्ये सोयाबीनची पोती आणि जनावरांचा चारा. कल्याणनं बायकोकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "गच्चीवरच्या खोलीत चांगलं चालत होतं की."

सुरेखाला ते उत्तर आधीपासून माहीत होतं. राउटर आला तेव्हा वरच ठेवला होता. मीना तिथं बसायची, खिडकी उघडी टाकून, दार लावून. पण वर जायच्या जिन्याला कठडा नव्हता. मीना जिना चढउतर करताना सुरेखाचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. महिनाभरात तिनं टेबल, खुर्ची, राउटर, पोरगी, सगळं खाली आणलं. मीना तेव्हा एवढंच म्हणाली होती, "वर बरं होतं, मम्मी."

"राउटर वर नेऊ," सुरेखा कल्याणला म्हणाली. "मीना खालीच बसंल. स्लॅबमधून वायफाय येत न्हाई, तर वायर खाली आणू."

मीना दारात उभी होती. ती आत वळली.

दुसऱ्या दिवशी सुरेखा एकटीच वर गेली. रस्त्याकडच्या खिडकीत राउटर ठेवला आणि पहिला आकडा बघून तिला हसू फुटलं, ताकद उणे सत्याऐंशी. पण त्याच वायफायवरून खाली मीनाला फोन लावून पाहिला तर आवाज पुन्हा फाटलेला. सुरेखाला कळेना. ताकद एवढी, मग बिघडतंय कुठं? तिनं दुसरा आकडा बघितला. स्वच्छपणा तीनच्या वर जात नव्हता.

ती खिडकीत उभी राहून बाहेर बघत राहिली. जाफराबाद रस्त्याचा टॉवर समोर. आणि डावीकडे, गावाच्या त्या टोकाला, त्याच कंपनीचा नुकताच सुरू झालेला दुसरा. खालच्या खिडकीतून दुसरा दिसायचा नाही, मध्ये घरं होती. इथं दोन्ही उघडे. दोन बायका एकदम बोलायला लागल्या की आवाज मोठा येतो, शब्द मात्र एकीचेही लागत नाहीत, तसं झालं होतं. तिनं राउटर उचलून खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला सरकवला, अशा बेतानं की पहिला टॉवर समोर राहील आणि दुसरा भिंतीआड जाईल. ताकद थोडी उतरली. स्वच्छपणा चढायला लागला. आठ, अकरा, पंधरा. तिनं राउटर जरासा फिरवला. अठरा.

त्या रिकाम्या खोलीत ती एकटीच टाळी वाजवून हसली. कॉलेज सोडल्यापासून आपण असं काही केलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं. मग लाज वाटून तिनं मागे बघितलं. कुणी नव्हतं.

वायर भारतनं आणून दिली. कल्याणनं ती गच्चीच्या पाइपाबरोबर खाली ओढली आणि झरोक्यातून मधल्या खोलीत घेतली. रखमाजींनी खालून सूचना दिल्या, ज्यांची गरज नव्हती.

सोमवारी सुरेखानं सकाळीच स्वयंपाक उरकला, म्हणजे भांड्यांचा आवाज नको. मधल्या खोलीच्या दाराबाहेर ज्वारी निवडत बसली. मीनाचा आवाज सलग येत होता, शांत, जरा पुस्तकी मराठी. "हो काका, कागद मिळाला आम्हाला. नाही, परत पाठवायची गरज नाही." एखाद्या फोनला एक हॅलो, तोही सुरुवातीचा. दुपार गेली. दिवस कलला. सुरेखाला वाटलं, कित्येक आठवड्यांनी आपण पूर्ण श्वास घेतोय.

काम संपल्यावर मीना बराच वेळ आत मॅडमशी बोलत होती. बाहेर आली तेव्हा सुरेखानं तिच्या तोंडाकडे बघितलं.

"काय म्हणल्या?"

"लाइन एकदम चांगली आहे म्हणल्या. घरून चालेल."

सुरेखानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "बस. संपलं. आता मी भारतला पेढे—"

"मी म्हणलं, मी ऑफिसला येते."

सुरेखाच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, त्याला उतरायला वेळ लागला.

"कशाला?"

"काम करायला. महजबीन आहे ना तिथं नोकरीला. तिच्या खोलीत एक पलंग रिकामा झालाय."

"लाइन सुधारली ना पण!"

"सुधारली म्हणूनच. बिघडलेली असताना गेले असते तर हाकलल्यासारखी गेले असते. आता मला कुणी पाठवत न्हाई."

"हे कधी ठरवलंस तू?"

"तू राउटर कडेवर घेऊन घरभर फिरत होतीस ना, तेव्हा."

"मंग थांबवलं का न्हाईस मला?"

मीना जरा हसली. "थांबवणार होते. पण किती खुश होतीस तू, मम्मी. मी तुला तशी कधी बघितलीच न्हवती."

सुरेखाचा आवाज चढला. फिट आली तर काय करशील, रस्त्यात आली तर, जिन्यात आली तर, झोपेत आली तर. मीना प्रत्येकाला उत्तर देत गेली, जणू विम्याचाच फोन होता. डॉक्टरांना विचारलंय, मागच्या खेपेला तू औषधाच्या रांगेत होतीस तेव्हा. गोळ्या चुकवायच्या नाहीत. जागरण नाही, रात्रपाळी नाही. मॅडमला सांगितलंय.

"काय सांगितलंस?"

"मला फिट येते म्हणून."

"परक्या बाईला?"

"त्या म्हणल्या, दिवसपाळी देऊ. एवढंच म्हणल्या, मम्मी. बाकी काही झालं न्हाई."

पुढून रखमाजींनी विचारलं, "काय झालं? पुन्हा कापसाचं नाव काढलं का कुणी?" कल्याण हातपाय धुऊन आला होता, तो टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"अहो, सांगा ना हिला काहीतरी," सुरेखा म्हणाली.

कल्याणनं पोरीकडे बघितलं, मग बायकोकडे. "मलाबी भ्या वाटतंय," तो म्हणाला. "पण मी न्हाई म्हणणार न्हाई."

सुरेखा उठून मधल्या खोलीत गेली आणि मीनाच्या खुर्चीत बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. डोक्यात नुसती चित्रं फिरत होती. पुण्याची न पाहिलेली खोली. फरशी. फरशीवर पोरगी. आणि मग तिच्या लक्षात आलं की होस्टेलातल्या त्या पहिल्या वेळचं चित्रही तिनं स्वतःच काढलेलं होतं. तिथं नेमकं काय झालं, हे तिनं कधीच कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती.

तिनं मोबाइल घेतला आणि महजबीनला लावला.

"सलाम काकू! मीनानं सांगितलं का तुम्हाला?"

"सांगितलं. महजबीन, तू त्या दिवशी तिला... होस्टेलमध्ये. काय केलं होतंस तू?"

"काही खास न्हाई काकू. खुर्ची बाजूला ढकलली, तिला लागू नये म्हणून. डोक्याखाली माझी ओढणी ठेवली. कुशीवर वळवलं. तोंडात काही घालू दिलं न्हाई कुणाला, एक पोरगी चमचा घेऊन आलती, तिला हाकललं. मंग घड्याळ बघत बसले."

"तू घाबरली न्हाईस?"

"घाबरले तर होतेच. पण थोड्या वेळात थांबलं काकू. मंग ती झोपली. उठली अन् पहिलं काय विचारलं माहिती? 'माझ्या डब्यातली शेंगाची चटणी कोणी खाल्ली?'"

सुरेखाच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि मध्येच मोडला. दारात मीना येऊन उभी राहिली होती. सुरेखानं तिच्याकडे बघितलं नाही. तिनं टेबलाची कड घट्ट धरली आणि फोन कानाला जवळ घेतला.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. खुर्ची कुठं होती, ती कुठं होती, सगळं सांग."